एकाच बाजूने अडवणारी भिंत

कामावरच्या मंडळींनी त्याला पहिल्याच आठवड्यात मुनी करून टाकलं होतं, आणि त्यानेही त्यावर हूं की चूं केलं नव्हतं. घरोघरी वायफायची यंत्रं बसवत फिरणाऱ्या माणसाला एरवी बडबडावं फार लागतं. पण मुनी शिडी उघडायचा, भिंतीवर तळहात फिरवायचा, आणि काम आटोपलं की दोन वाक्यांत निरोप घ्यायचा. "ह्याला एखाद्या घरात विसरून आलो, तर घरच्यांना आठ दिवस पत्ता लागायचा नाही," असं त्याचा सुपरवायझर म्हणे. सगळे हसत. मुनीही हसे. एकटा असला की मात्र त्याला वाटायचं, ह्यात हसण्यासारखं काही नाही. हे अगदी खरं आहे.

त्या दुपारी ज्या घरी तो गेला, तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडताच त्याच्याकडे पाहण्याआधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अडीचची वेळ दिली होती. दोन सत्तावीस झालेत. वा! ये, आत ये." मग जरा ओशाळून ते म्हणाले, "कारखान्यात टाइमकीपर होतो मी. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण हे घड्याळ काही निवृत्त व्हायला तयार नाही."

घर तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला होतं. पुढे बैठकीची खोली, तिच्या कोपऱ्यात राउटर. मग एक लांब, अंधारलेला बोळ. आणि बोळाच्या टोकाला ती खोली, जिच्यातून ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज अखंड येत होता. एक घरघर, एक सुस्कारा. पुन्हा घरघर, पुन्हा सुस्कारा. जणू त्या घरात श्वास घेण्याचं काम एकट्या त्या यंत्रावर सोपवलं होतं.

काकांनी आवाज खाली आणला.

"हे बघ, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एवढंच कळतं, की पुढच्या खोलीत लेक दिसते आणि मागच्या खोलीत नुसती गोल गोल फिरणारी चकती दिसते. आणि आमच्या हिला पुढे आणता येत नाही. पलंग दवाखान्याचा आहे, तो आतच जोडलाय, दारातून निघत नाही. हाडं अशी झालीत, की कूस बदलायलाही नर्स लागते. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस. फार तर महिना."

मुनीने मान हलवली.

"लेकीचे कागद तिकडे कुठल्याशा कचेरीत अडकलेत. ते हाती येईपर्यंत तिला तो देश सोडता येत नाही. रोज पाचला फोन करते. मी इथून तिच्याशी बोलतो, मग साधा फोन आत नेऊन हिच्या कानाला लावतो. पाच महिने झाले, मायलेकींनी एकमेकींना बघितलेलं नाही. तिने मुद्दाम हा टॅब्लेट पाठवलाय. हिरवं बटण दाबायचं, एवढं मला शिकवलंय तिने. बाकी सगळं तुझ्या हातात. एकदा एकमेकींना बघू देत रे त्यांना."

"करतो," मुनी म्हणाला. त्या घरातला त्याचा तो पहिला शब्द होता.

आतल्या खोलीत पांघरुणाखाली कुणी आहे, हे त्याला आधी कळलंच नाही. मग नाकातली नळी दिसली, आणि नळीच्या वर दोन जागे डोळे.

"फलाटावर कोण आलंय?" आवाज धापेने तुटत होता, पण त्याला एक घडण होती, प्रत्येक अक्षर स्वतंत्र ठेवून दिल्यासारखं.

"वायफायवाला आहे," काका म्हणाले. मग मुनीकडे वळून, "ही बस स्थानकावर घोषणा करायची. तीस वर्षं. अख्खं शहर हिच्या आवाजावर गाड्या पकडायचं, पण रस्त्यात भेटली तर एकजण ओळखेल तर शपथ."

"तेच बरं होतं," काकू म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

मुनीने भिंती पाहायला सुरुवात केली. पलंगाच्या वर काहीही बसवायचं नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. स्क्रू कितीही पक्का असला तरी निजलेल्या माणसाच्या डोक्यावर वजन टांगू नये. ऑक्सिजनच्या शेजारी ड्रिल नको, आणि त्या छातीत धूळही नको. तेव्हा राउटरचं नेट आतल्या खोलीत पोचवणारी ती पांढरी, बशीएवढी तबकडी खोलीच्या बाहेर, बोळात, दाराच्या चौकटीवर बसवावी. तिच्यापर्यंत राउटरपासून एकच बारीक केबल न्यावी, जिच्यातून नेटही जातं आणि तबकडीला लागणारी थोडीशी वीजही. आणि ती केबल भिंतीच्या माथ्यालगत क्लिपांनी दाबून न्यावी, म्हणजे कुणाच्या पायात यायला नको. सगळं जमत होतं. अडचण होती ती बैठकीच्या आणि बोळाच्या मधल्या भिंतीची. तिला एक भोक पाडावं लागणार होतं.

भिंतीतल्या वायरी शोधणारं हातयंत्र त्याने त्या जागी टेकवलं. ते वाजलं. वीतभर डावीकडे नेलं. वाजलं. उजवीकडेही वाजलं. वायरिंग जुनं, आणि ज्याने केलं त्याने मनाला येईल तशा वायरी फिरवलेल्या.

"ही भिंत खात्रीची नाही," मुनी म्हणाला. "मेन बंद करावा लागेल."

काकांचा चेहरा उतरला. "आणि यंत्र?"

वीज गेली तर असावा म्हणून एक लहान सिलिंडर पलंगाखाली होता. त्यात तासाभराचा ऑक्सिजन होता, आणि नळी तिकडे कशी जोडायची ते नर्सने काकांना शिकवलं होतं. तो प्रश्न सुटला. पण घरातला मेन स्विच कित्येक वर्षांपूर्वी बिघडून तसाच राहिला होता. वीज तोडायची तर ती इमारतीच्या प्रवेशाजवळच्या मीटरच्या खोलीतूनच, जिथे सगळ्या घरांचे स्विच एका रांगेत होते.

"मग तुम्हाला तिथे उभं राहावं लागेल, काका."

"पाडून आलो की झालं ना? उभं कशाला?"

मुनी शब्द जुळवत थांबला. एवढं लांबलचक बोलायची त्याला सवय नव्हती.

"आमच्यातल्या एकाने असाच स्विच पाडला होता. शेजारच्या बाईंना वाटलं, आपोआप पडलाय. भल्या मनाने त्यांनी वर केला. तो शिडीवर होता. जीव वाचला, पण उजव्या हाताची मूठ अजून मिटत नाही त्याची."

काका क्षणभर त्याच्या हातांकडे पाहत राहिले. "किती वेळ?"

"वीस मिनिटं. पंचवीस धरा."

"पंचवीस. तुझा फोन येईपर्यंत खुद्द इमारतीचा मालक आला तरी हात लावू देणार नाही. पण हिच्याजवळ?"

"मी आहे. दर दोन मिनिटांनी बघतो."

नळी सिलिंडरला जोडून, दोनदा तपासून, काका गेले. थोड्या वेळाने घरातले सगळे दिवे एकदम विझले आणि ते यंत्र थांबलं. ती शांतता इतकी अचानक आली की मुनी जागच्या जागी थबकला. घड्याळाची टिकटिक, बाहेर कुणीतरी अंगण झाडत असल्याचा आवाज, आतल्या खोलीतला एक क्षीण श्वास. इतके दिवस यंत्राखाली दडपलेलं सगळं घर हळूहळू ऐकू येऊ लागलं.

त्याने काकूंचं दार लोटलं, त्याच्यावर ओलं फडकं टांगलं, भोकाच्या जागेखाली पिशवी चिकटवली, आणि बॅटरीवरच्या ड्रिलने भिंत पोखरली. वीट बरी निघाली. चार मिनिटांत ड्रिलचं टोक पलीकडे निघालं, आणि धूळ निमूट पिशवीत पडली. चौकटीवरची दोन लहान भोकंही पाडून झाल्यावर हात पुसून त्याने दार उघडलं.

"भोकं झाली?" काकूंनी विचारलं.

"झाली."

"मग आता बस. उभ्या माणसाशी बोलायचं म्हणजे मान वर करावी लागते. ते खालीच आहेत ना?"

"हो. माझा फोन जाईपर्यंत येणार नाहीत."

"येणार नाहीतच. त्यांना जागा आणि वेळ नेमून दिली, की मग काही विचारायला नको." त्या दम घ्यायला थांबल्या. "एक काम आहे तुझ्याकडे. मला माझ्या लेकीला बघायचंय. फार बघायचंय. पण तिने मला बघायला नको. तुझ्या त्या ताटलीत अशी काही सोय असते का रे?"

मुनी गप्प राहिला. सोय होती. म्हणूनच तो गप्प राहिला.

"मागच्या महिन्यात नर्सकडून आरसा मागून घेतला," त्या म्हणाल्या. "बघितलं. परत दिला. ह्यांना माहीत नाही. हे फोटो काढायला आले, की मी म्हणते, उजेड डोळ्यांत जातो." पुन्हा थोडा श्वास. "माझी आई गेली तेव्हा शेवटचे आठ दिवस मी उशाशी होते. आता तिला आठवायला जावं, तर तेच आठ दिवस पुढे येतात. आधीची इतकी वर्षं, तिचं ते ठसक्यात चालणं, आमच्यावर ओरडणं, सगळं त्या एका तोंडामागे जाऊन बसलंय. ते तोंड बाजूलाच होत नाही."

"पण ताईंना…" मुनी म्हणाला आणि अडखळला. हे बोलावं की नाही, ते त्याला ठरवता येईना. मग त्याला वाटलं, ह्या बाईंशी खोटं वागण्याइतका वेळ कुणाहीपाशी उरलेला नाही. "माझा मोठा भाऊ बाहेरगावी कामावर असताना गेला. आम्हाला बघायला मिळाला नाही. पेटी बंद करूनच आणली. आई अजून पाऊल वाजलं की दाराकडे बघते."

काकूंनी डोळे पूर्ण उघडले.

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"आणि तुला? तुला कसा दिसतो तो, आठवला की?"

"हसताना," मुनी म्हणाला. आणि उच्चारून झाल्यावर त्याला कळलं, की हे त्याने आजवर स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"बघ," काकू म्हणाल्या.

मुनी खुर्चीच्या कडेवर बसून होता. आईची ती दाराकडे वळणारी मान आणि भावाचं ते हसणं, ह्या दोहोंतलं कुठलं जड, ते त्याला तोलता येईना. अखेर त्याने एवढंच म्हटलं, "काकांना सांगा ना. ते ऐकतील तुमचं."

"त्यांना नाही सांगायचं."

"का पण?"

त्यांनी चेहरा भिंतीकडे वळवला. "किती मिनिटं राहिली?"

"अकरा."

"मग काम कर बाबा. गाडी सुटेल."

त्याने केबल ओढून घेतली, क्लिपा ठोकल्या, तबकडी बसवून दोन्ही हातांनी खेचून पाहिली. मधल्या काळात तो तीनदा दारात जाऊन उभा राहिला, आणि तिन्ही वेळा त्या डोळ्यांनी त्याला तेच विचारलं. मग त्याने काकांना फोन केला. दिवे आले. यंत्र पुन्हा घरघरू लागलं आणि बाकीचं घर त्याखाली बुडालं.

काका धापा टाकत आले. "बावीस मिनिटं! दुसऱ्या मजल्यावरची बाई आली होती, म्हणाली, आजोबा तुमचा पडलाय, करू का वर? म्हटलं, बाई गं, आधी मला उचलून बाजूला ठेव, मग कर!"

ते हसत होते. मुनीने मान खाली घालून मोबाइलवर तबकडीची जुळणी, म्हणजे सेटिंग, उघडली. तिथे दोन रेषा होत्या: येण्याची आणि जाण्याची. येण्याची वाट त्याने पूर्ण मोकळी ठेवली. जाण्याची वाट इतकी अरुंद केली, की आवाज तिच्यातून अंग चोरून निघून जाईल. चित्र जाणार नाही. ह्याला एक स्क्रू आवळण्याहूनही कमी वेळ लागला.

काकांनी मुनीला तोवर थांबवून घेतलं होतं. पाच वाजता टॅब्लेट वाजला. काकांनी हिरवं बटण दाबलं आणि तो काकूंच्या समोर, उशीच्या आधाराने उभा केला. पडद्यावर एक तरुण बाई आली. इतकी स्पष्ट, की तिच्या मागच्या खिडकीतल्या कुंडीची पानंही मोजता आली असती.

"आई? आई, तू दिसत नाहीयेस गं! नुसतं राखाडी काहीतरी आहे."

काकांनी मुनीकडे पाहिलं. मुनीने भिंतीकडे पाहिलं.

"भिंत जाड आहे, काका. यायला जमतं, जायला जड पडतं. आवाज जाईल."

आयुष्यात तो फारसं बोललाच नव्हता, त्यामुळे खोटंही फारसं बोलला नव्हता. काकांनी ते वाक्य जसंच्या तसं उचललं. ज्याच्या शब्दावर ते बावीस मिनिटं पहारा देत उभे राहिले होते, त्याच्या शब्दाची शहानिशा करण्याचं त्यांच्या मनातही आलं नाही. "भिंत जाड आहे, बाळा," त्यांनी लेकीला सांगितलं.

काकूंचं एक बोट हळूहळू पडद्यावर गेलं आणि लेकीच्या कपाळावर टेकलं. मग तो घडीव आवाज आला:

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. समोरच्या बाईंनी केस कापलेत. कुणाला विचारून कापले?"

पडद्यावरची बाई हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मुनीने शिडी उचलली. त्याला निरोपाची दोन वाक्यंही सुचली नाहीत.

त्यानंतर काकांचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा तो गेला, शिडीवर चढला, तबकडीभोवती उगाच बोटं फिरवली आणि खाली उतरला. काका खालून शिडी धरून उभे होते. "जमेल का रे?" त्यांनी विचारलं, आणि त्याने मान हलवली. दुसऱ्यांदा त्याने दुसऱ्या कामाचं निमित्त सांगितलं. तिसरा फोन आला तो तबकडी बसवल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी.

"आता नको येऊस बाबा," काका म्हणाले. "आता गरज राहिली नाही."

पाच आठवडे लोटले. मग एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज अनोळखी नव्हता. अक्षरं ठेवून देण्याची ती रीत लेकीनेही उचलली होती. मागच्या खोलीतल्या नेटचं काही तरी बिघडलंय, येऊन जाल का, असं ती म्हणाली.

दार काकांनीच उघडलं. पाच आठवड्यांत ते अर्धे झाले होते. मुनीला बोळातून आत नेताना ते मधेच थांबले.

"अठरा पावलं," ते म्हणाले. "मोजली मी नंतर. तिच्या पलंगापासून पुढच्या खोलीपर्यंत अठरा पावलं. पलंग खोलून, तिला चादरीसकट उचलून नेलं असतं, तर लेकीला तिचं तोंड दिसलं असतं. नर्स होती, शेजारी होते. तू तर सांगितलंच होतंस, भिंत जाड आहे म्हणून. तेवढ्यावरून मला सुचायला नको होतं का? अठरा पावलांसाठी…"

मुनीच्या हातातली पेटी जड झाली. काकूंचा शब्द पाळताना ह्या माणसाच्या पदरात काय पडेल, ह्याचा त्याने विचारच केला नव्हता.

खोलीतला पलंग परत गेला होता. फरशीवर त्याच्या पायांचे चार ठसे होते. त्या जागी टेबल ठेवून लेक बसली होती, समोर लॅपटॉप उघडा.

"कागद मिळाले तेव्हा उशीर झालेला होता," ती सरळ म्हणाली. "आता महिनाभर इथूनच काम करणार आहे. सकाळपासून ह्या खोलीत बसलेय. ऑफिसातले सगळे मला लख्ख दिसतात. मी एकालाही दिसत नाही." तिने खुर्ची वळवली. "मला एक सांगा. भिंत एकाच बाजूने अडवते का हो?"

मुनीने काकांकडे पाहिलं. ते दाराशी, चौकटीला धरून उभे होते. आत्ताही त्याला म्हणता आलं असतं, जुळणी बिघडली असेल, बघतो. दोन मिनिटांत वाट मोकळी झाली असती, आणि काका जन्मभर बोळातली पावलं मोजत राहिले असते.

"भिंतीचा काही दोष नाही, ताई," तो म्हणाला. "मी अडवलं होतं. काकूंनी सांगितलं होतं."

मग त्याने सगळं सांगितलं. आरसा, आईचे शेवटचे आठ दिवस, तबकडीत सोय असते का हा प्रश्न. आपल्या भावाचं सोडून सगळं.

लेक उठली. तिचा आवाज चढला नाही, पण त्यातली घडण मोडली.

"आणि तुम्ही ऐकलंत? तुम्ही कोण? वीस मिनिटं आलेला माणूस! मी रोज ओरडत होते, आई, टॅब्लेट जरा वर धरायला सांग, जरा उजेडात. ती म्हणायची, धरलाय गं. मी इथल्या भिंतीला शिव्या दिल्या. ज्याने घर बांधलं त्याला शिव्या दिल्या. माझी आई होती ती!"

"हो," मुनी म्हणाला.

"म्हणजे," दाराशी उभे असलेले काका सावकाश म्हणाले, "पलंग पुढे नेला असता, तरी…"

"तरी नको म्हणाल्या असत्या, काका."

त्यांनी हे ऐकून घेतलं. त्यांचे खांदे थोडे खाली आले. मुनीला वाटलं, ओझं उतरलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांत काही वेगळंच उमटलं, पहिल्याहून खोल.

"मग मला का नाही सांगितलं तिने? तुला सांगितलं. मी खाली उभा होतो तेव्हा तुला सांगितलं. मला का नाही?"

तुम्हाला त्रास नको म्हणून, असं म्हणायला काहीच लागलं नसतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण ह्या घरात तो एकदा खोटं बोलून चुकला होता.

"माहीत नाही, काका. मी विचारलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत."

काका येऊन लेकीच्या खुर्चीवर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून ते त्या चार ठशांकडे बघत होते.

"मला सांगून चाललंच नसतं," शेवटी ते म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. "तुझी सायकल आठवते? हिने महिनाभर आधी आणून शेजाऱ्यांकडे लपवली होती. मला फक्त त्या दिवशी सकाळी सांगितलं. तू शाळेतून आलीस, दारातच माझ्या तोंडाकडे बघितलंस, आणि म्हणालीस…"

"'कुठल्या रंगाची आहे?'" लेक म्हणाली.

"तुझी आई महिनाभर बोलली नाही माझ्याशी त्यावरून." काकांना हसू फुटलं, आणि त्यातच त्यांचे डोळे भरले. "मला सांगितलं असतं, तर पाच वाजता हिरवं बटण दाबल्या दाबल्या तू ओळखलं असतंस."

लेक खाली फरशीवरच बसली, त्यांच्या पायांशी. मुनीला कुणी बस म्हटलं नाही, की जा म्हटलं नाही. त्याने मोबाइल काढून जाण्याची वाट मोकळी केली. मोबाइलच्या पडद्यावर दुसरी रेषा पहिलीच्या बरोबरीला आली. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"मी तिला नीट दिसायचे?" लेकीने मान न वळवता विचारलं.

"अगदी स्वच्छ," मुनी म्हणाला.

"रोज फोन ठेवला की अर्धा तास तुझ्यावरच बोलायची," काका म्हणाले. "मला वाटे, नुसतं राखाडी दिसतं तरी लेक किती बोलते हिच्याशी, म्हणून हिला बरं वाटतंय. पहिल्या दिवशी केसांवरून बडबडली. कापायचेच होते तर नीट तरी कापायचे, म्हणाली."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी म्हणाली, कुंडीला पाणी घालत नाही ही. पानं बघ."

"घालत नव्हते," लेक म्हणाली. "तिसऱ्या?"

काका एकेक दिवस आठवून सांगू लागले. एक दिवस खोकल्याचा होता. एक दिवस लेकीने उलटा घातलेल्या स्वेटरचा. त्यावर म्हणे काकू इतक्या हसल्या होत्या, की नर्स धावत आली. लेक प्रत्येक दिवस विचारून घेत होती, घाई न करता. आठवा दिवस सांगून होईतो काकांचा आवाज पार खाली गेला होता.

"आणि नवव्या दिवशी?"

"नवव्या दिवशी काही बोलली नाही," काका म्हणाले. "तू फोन ठेवलास, तरी ती बघतच होती."